दिवाळे आणि दास्य : कोलब्रुक पेढीच्या निमित्ताने

सर जॉर्ज कोलब्रुक याच्या लंडनमधील पेढीने मार्च १७७३ मध्ये देणी भागवणे थांबवले. १७५४ पासून पार्लमेंटात अरुंडेलचे प्रतिनिधित्व करणारा आणि १७६९ नंतर तीन वेळा ईस्ट इंडिया कंपनीच्या अध्यक्षपदी निवडला गेलेला हा सावकार चार वर्षांनी, १७७७ मध्ये, कायद्याने दिवाळखोर ठरला. भारतीय विद्येच्या अभ्यासकांना हे घराणे परिचित आहे ते निराळ्या कारणाने. जॉर्जचा मुलगा हेन्री टॉमस कोलब्रुक (१७६५–१८३७) म्हणजे ‘मिताक्षरे’च्या दायविभागाचा व ‘लीलावती’चा इंग्रजी अनुवादक, वेदवाङ्मयाचा युरोपला मूळ ग्रंथांच्या आधारे परिचय करून देणारा पंडित, १८२३ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल एशियाटिक सोसायटीचा प्रवर्तक. त्याच्याविषयीच्या लेखनात वडिलांचे दिवाळे बहुधा एका वाक्यात उरकले जाते. आई मेरी ही अँटिग्वा बेटावरील गेनर घराण्याची वारस होती, ही नोंदही वंशावळीच्या ओळीतच राहून जाते. या दोन त्रोटक नोंदी शेजारी-शेजारी ठेवल्या की त्यांच्यामधून एक प्रश्न डोके वर काढतो : अठराव्या शतकातील ब्रिटिश व्यापाऱ्याचे दिवाळे आणि कॅरिबियन बेटांवरील गुलामांचे मळे यांचा नेमका संबंध कोणता होता, आणि तो संबंध कोणत्या प्रकारच्या लिखितात शिल्लक राहिला?

एरिक विल्यम्स यांच्या ‘कॅपिटॅलिझम अँड स्लेव्हरी’ (१९४४) या ग्रंथापासून या विषयाची चर्चा प्रामुख्याने नफ्याभोवती फिरत आली आहे. साखर आणि गुलाम यांच्या व्यापारातून किती भांडवल उभे राहिले, ते इंग्लंडच्या कारखान्यांत कितपत गेले, यावर दोन पिढ्या वाद झाला. या वादात दिवाळखोर व्यापारी आला तर तो प्रतिपक्षाचा साक्षीदार म्हणून : इतक्या पेढ्या बुडाल्या त्या अर्थी हा धंदा फारसा किफायतशीर नव्हता, असे सुचवण्यासाठी. परंतु बुडीत पेढीकडे केवळ नफ्याच्या उलट बाजूने पाहणे पुरेसे नाही. मळ्यांची व्यवस्था चालत होती ती कर्जावर. कर्ज फिटले तेव्हा ती चालली आणि कर्ज बुडाले तेव्हाही चालली. पेढीचे नाव बदलले, गहाणखतावरील धनको बदलला, उसाच्या शेतातील माणसे मात्र त्याच शेतात राहिली किंवा लिलावात दुसऱ्या शेतात गेली. दिवाळे हा त्या व्यवस्थेतील अपघात नव्हता. तो तिचा एक नेहमीचा विधी होता, आणि त्याला कायद्याने नेटके रूप दिले होते.

ते रूप १७३२ मध्ये सिद्ध झाले. दुसऱ्या जॉर्जच्या कारकिर्दीच्या पाचव्या वर्षी पार्लमेंटच्या एकाच अधिवेशनात दोन कायदे संमत झाले. त्यांतला पहिला वसाहतींमधील कर्जवसुलीचा. त्याने अमेरिकेतील व वेस्ट इंडीजमधील जमिनी, घरे आणि निग्रो ही सर्व मालमत्ता ब्रिटनमधील धनकोच्या येण्यासाठी जप्तीस व विक्रीस पात्र ठरवली. इंग्लंडमध्ये साध्या कर्जासाठी ऋणकोची वडिलोपार्जित जमीन विकून घेणे दुरापास्त होते, कारण जमीन ही घराण्याची प्रतिष्ठा मानली जाई. समुद्रापलीकडे मात्र जमीन आणि माणूस दोन्ही एकाच यादीत आले. दुसरा कायदा दिवाळखोरीचा. तो व्यापाऱ्यांना लागू होता, आणि सावकार, दलाल व अडते यांनाही त्यात स्पष्टपणे सामावून घेतले होते. दिवाळखोराने आपली सर्व मालमत्ता आयुक्तांपुढे उघड करायची, लपवाछपवी केल्यास देहान्ताची शिक्षा, पण प्रामाणिकपणे सर्व स्वाधीन केल्यास आणि संख्येने व रकमेने चार-पंचमांश धनकोंनी संमती दिल्यास त्याला मुक्तिपत्र मिळायचे. त्यानंतर जुन्या देण्यांसाठी त्याला कोणी धरू शकत नसे. आर्थिक मृत्यूनंतर व्यापाऱ्याला दुसरा जन्म देणारी ही तरतूद त्या काळाच्या मानाने उदार होती, हे कबूल केले पाहिजे. त्याच अधिवेशनात दुसऱ्या कोणाच्या तरी शरीराला तारणाचा दर्जा मिळाला. कायद्याच्या इतिहासाची पुस्तके हे दोन कायदे वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवतात. दिवाळखोर पेढ्यांच्या कागदांत ते एकत्र वाचावे लागतात.

कारण या दोन कायद्यांना जोडणारा माणूस म्हणजे लंडन, ब्रिस्टल, लिव्हरपूल वा ग्लासगो येथील वेस्ट इंडिया अडत्या. मळेवाला आपली साखर त्याच्याकडे पाठवी. अडत्या ती विके, बहुधा अडीच टक्के अडत घेई, जहाजाचे भाडे, विमा, जकात वळती करी, आणि मळ्यासाठी लागणारी अवजारे, खारवलेले मासे, जाडेभरडे कापड, पिंपांच्या लोखंडी पट्ट्या पाठवून देई. उसाची लागण ते साखरेची पट्टी हातात पडणे यात दीड-दोन वर्षे सहज जात. तेवढा काळ मळेवाला अडत्यावर हुंड्या लिहून दिवस काढी. आफ्रिकेहून आलेल्या जहाजाच्या कप्तानाकडून माणसे विकत घ्यायची तरी किंमत अशाच हुंडीने चुकती होई. हुंडी सकारली की खात्यावर बाकी चढे. बाकी फुगली की गहाणखत होई आणि गहाणखतात मळ्याबरोबर माणसे येत. ज्या अडत्याने आयुष्यात कधी बेट पाहिले नाही तो अशा रीतीने शेकडो माणसांचा धनी होऊन बसे. दुष्काळी भागात सावकाराच्या वहीतून हळूहळू जमीन सरकताना मराठी मुलखाने पाहिली आहे. येथे त्याच वाटेने माणसे सरकत होती, इतकाच फरक. आणि तो फरक लहान नव्हे. आणखी एक तांत्रिक बाब महत्त्वाची आहे. मळेवाला जमीनदार कायद्याच्या दृष्टीने व्यापारी नसल्यामुळे दिवाळखोर होऊ शकत नसे. तो नुसताच कर्जबाजारी राही. अडत्या आणि सावकार दिवाळखोर होऊ शकत. म्हणून या इतिहासातील ‘दिवाळे’ बेटावर निघत नाही. ते लंडनमध्ये निघते आणि बेटावर पोचते.

जॉर्ज कोलब्रुकचे बेटाशी नाते लग्नाने जडले. थ्रेडनीडल स्ट्रीटवरील सावकार जेम्स कोलब्रुक याचा तो मुलगा. थोरल्या भावाच्या निधनानंतर १७६१ मध्ये त्याच्याकडे बॅरोनेटची पदवी आली. सप्तवार्षिक युद्धाच्या काळात अमेरिकेतील सैन्याला रसद व पैसा पुरवण्याच्या सरकारी कंत्राटांत त्याचा भाग होता. १७५४ मध्ये, ज्या वर्षी तो पार्लमेंटात गेला त्याच वर्षी, त्याने अँटिग्वातील पॅट्रिक गेनर याच्या वारस कन्येशी विवाह केला. अशा विवाहांची त्या शतकात रेलचेल होती. साखरेचा पैसा मुलीच्या रूपाने लंडनला येई आणि लंडनची पत जावयाच्या रूपाने बेटाला मिळे. अशा वारस कन्यांची मालमत्ता विवाहकरारनाम्याने विश्वस्तांच्या हाती ठेवण्याची वहिवाट असल्यामुळे, नवऱ्याचे दिवाळे निघाले तरी धनकोंचा हात तेथवर पोचणे कठीण जाई. व्यापारी घराण्यांनी कुटुंबासाठी बांधलेला हा चोरकप्पा होता.

अँटिग्वा हे बेट तेव्हा लीवर्ड बेटांतील साखरेचे प्रमुख ठाणे होते. मेरी गेनरच्या विवाहाच्या १८ वर्षे आधी, १७३६ मध्ये, तेथे गुलामांचा मोठा कट उघडकीस आला होता. राजाच्या राज्याभिषेकाच्या वाढदिवशी होणाऱ्या नृत्यसमारंभात जमलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना सुरुंगाने उडवायचे आणि बेट ताब्यात घ्यायचे, असा बेत असल्याचा आरोप होता. कटाचा नायक कोर्ट या नावाने ओळखला जाई. एकूण ८८ जणांना देहान्त शासन झाले, त्यांतील बहुतेकांना जिवंत जाळण्यात आले. या प्रकरणातील एक तपशील प्रस्तुत विषयाशी थेट जोडलेला आहे : मारलेल्या गुलामांची किंमत ठरवून वसाहतीच्या खजिन्यातून मालकांना भरपाई देण्यात आली. तारण नष्ट झाले म्हणून धनी व धनको यांना झळ लागू नये, याची ती तरतूद होती.

१७६३ च्या पॅरिस तहाने ग्रेनाडा, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट आणि टोबॅगो ही बेटे ब्रिटनकडे आली आणि कर्जाचा बाजार एकदम तापला. ग्रेनाडातील फ्रेंच मळेवाल्यांचे मळे विकत घेण्यासाठी स्कॉटिश व इंग्रज खरेदीदार धावले. इतर बेटांवरील सरकारी जमिनी हप्त्याने विकल्या गेल्या. खरेदी हप्त्याने, गुलाम हुंडीने, आणि पहिले पीक हाती येण्यापूर्वी दुसरे कर्ज, असा तो प्रकार होता. १७६९ मध्ये स्थापन झालेल्या आयर बँकेने हुंड्यांवर हुंड्या सोडून या तेजीला खतपाणी घातले. त्या हुंड्यांचे चक्र कसे फिरत होते याचे अॅडम स्मिथने ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये केलेले विवेचन प्रसिद्धच आहे. त्या विवेचनात बँकेचे नाव नाही. पण तत्कालीन वाचकाला ते सांगण्याची गरज नव्हती.

१० जून १७७२ रोजी लंडनमधील नील, जेम्स, फोर्डाइस अँड डाउन या पेढीने दरवाजे बंद केले. अलेक्झांडर फोर्डाइस या भागीदाराने ईस्ट इंडिया कंपनीचे भाग उतरतील या अंदाजाने मोठा सट्टा केला होता. भाव वेळेवर उतरले नाहीत आणि तो फ्रान्सला पळाला. काही दिवसांत आयर बँक थांबली, स्कॉटलंडमधील सावकारी पेढ्या एकामागून एक कोसळल्या. बेटांवरून लिहिलेल्या हुंड्या न सकारता परत जाऊ लागल्या. त्यातच ऑगस्टच्या अखेरीस लीवर्ड बेटांना भीषण चक्रीवादळाने झोडपले, अँटिग्वाचीही मोठी हानी झाली. वर्ष सरता सरता अॅमस्टरडॅमची क्लिफर्ड पेढी बुडाली. पुढच्याच वर्षी पार्लमेंटने परदेशी धनकोंना वेस्ट इंडीजमधील मळ्यांवर तारण कर्ज देण्याची मुभा देणारा कायदा केला. हॉलंडच्या पैशाला दार उघडण्याचा हा मार्ग होता. लंडनची पत आटली म्हणून मळ्यांवरील माणसांना तारणातून सोडवण्याचा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही; त्या तारणासाठी नवा सावकार शोधण्यात आला.

याच मोसमात कोलब्रुक कंपनीच्या अध्यक्षपदी होता. १७७० च्या दुष्काळाने बंगाल उद्ध्वस्त झाला होता, लष्करी खर्च वाढला होता, आणि बँक ऑफ इंग्लंड कंपनीला आणखी उसने द्यायला तयार नव्हती. कंपनीचा लाभांश साडेबारा टक्क्यांवरून सहा टक्क्यांवर आणावा लागला. अखेर सरकारने १४ लाख पौंडांचे कर्ज दिले आणि त्याबरोबर १७७३ चा नियामक कायदा आला. चहाचे पडून राहिलेले साठे अमेरिकेत खपवण्यासाठी केलेल्या कायद्याची परिणती त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टन बंदरात झाली. ही सर्व कथा ब्रिटिश भारताच्या आणि अमेरिकेच्या इतिहासात स्वतंत्रपणे सांगितली जाते. कोलब्रुकच्या वहीत मात्र या गोष्टी स्वतंत्र नव्हत्या. कंपनीचे भाग, अमेरिकेतील कंत्राटे, बायकोकडून आलेले अँटिग्वा, आणि ज्यांनी त्याला अखेर बुडवले ते ताग, अळशी, पतंगीचे लाकूड व तुरटी यांचे सट्टे, हे सारे एकाच पतीवर उभे होते. तुरटीची मक्तेदारी मिळवण्याचा त्याचा खटाटोप तर समकालीनांच्या चेष्टेचा विषय झाला. त्याला बुडवले ते साखरेने, असे म्हणता येणार नाही. परंतु ज्या पतीवर तो इतकी वर्षे उभा राहिला तिच्यात साखरेचा वाटा होता, हे विसरता येत नाही.

दिवाळखोराच्या मालमत्तेचा ताबा धनकोंनी नेमलेल्या विश्वस्तांकडे जाई. वेस्ट इंडीजशी संबंध असलेली पेढी बुडाली की या विश्वस्तांच्या दफ्तरात मळ्यांच्या याद्या येऊन पडत. साहित्याच्या अभ्यासकाने या याद्यांकडे एक वाङ्मयप्रकार म्हणून पाहण्यासारखे आहे. डावीकडे नाव, मग काम, वय किंवा अवस्था, आणि उजवीकडे पौंडांत किंमत. कामांच्या रकान्यात मुकादम, पिंपे करणारा, सुतार, दाई, आणि मराठीत ज्याला गुळव्या म्हणतात तसा रस आटवणारा. गुळव्याची किंमत चढी असे, कारण साखर बसणे वा बिघडणे त्याच्या नजरेवर अवलंबून असे. शेवटी म्हातारे आणि पंगू, ज्यांच्यापुढे शून्य. नावांची जातकुळी दुहेरी आहे. काही नावे मालकांनी ठेवलेली : केटो, पॉम्पी, सीझर, व्हीनस. लॅटिन शिकलेल्या मालकाचा हा विनोद होता. काही मात्र गोल्ड कोस्टवरील अकान भाषकांच्या वारांच्या नावांवरून आलेली : क्वाशी रविवारचा, कजो सोमवारचा, क्वाको बुधवारचा, फिबा शुक्रवारची. सोमा, बुधा, शुक्री ही नावे ज्या समाजांत आजही ठेवली जातात त्यांच्या शेजारी राहणाऱ्या मराठी वाचकाला ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. धनकोच्या कारकुनाने कानाला पडेल तसे लिहिलेले हे वार म्हणजे त्या माणसांच्या भाषेचा पुष्कळदा उरलेला एकमेव शब्द. तो टिकला, कारण कोणाची तरी हुंडी सकारली गेली नव्हती.

यादी झाली की माणसे सुटी विकता येत. किरकोळ कर्जाच्या हुकूमनाम्यावर बेटाचा मार्शल एखाद्या कुटुंबातील एकच माणूस उचलून लिलावात काढी. जमैकाचा मळेवाला व इतिहासकार ब्रायन एडवर्ड्स याने १७९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासग्रंथात या प्रथेचे हृदयद्रावक वर्णन केले. १७९७ मध्ये, पार्लमेंटाचा सभासद असताना, त्याने १७३२ च्या कायद्यातील गुलामांना कर्जासाठी विक्रीयोग्य ठरवणारा भाग रद्द करून घेतला. एडवर्ड्स गुलामांच्या व्यापारबंदीचा विरोधक होता. माणसाला जमिनीपासून तोडू नये, एवढेच त्याचे म्हणणे. जमिनीसह त्याला विकण्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. सुधारणेचा हा कायदा मळा आणि माणसे अखंड ठेवणाऱ्या बड्या गहाणदारांनाही सोयीचा होता, ही बाब दृष्टिआड करू नये.

इंग्रजी कादंबरीने दिवाळ्याला मोठी जागा दिली. थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’मधील सेडली घराण्याच्या सामानाचा लिलाव सर्वांना आठवतो. वेस्ट इंडीजच्या संदर्भात तुलनाकारांची चर्चा एडवर्ड सैद यांच्या ‘कल्चर अँड इंपीरिअॅलिझम’ (१९९३) पासून ‘मॅन्सफील्ड पार्क’ आणि त्यातील अँटिग्वा यांवर केंद्रित झाली. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने जेन ऑस्टिनची ‘पर्स्वेजन’ ही कादंबरी अधिक बोलकी आहे. तिच्यातील मिसेस स्मिथ ही विधवा दारिद्र्यात दिवस काढते, कारण नवऱ्याची वेस्ट इंडीजमधील मालमत्ता तिच्यावरील बोज्यांच्या फेडीसाठी जप्तीत अडकली आहे आणि ती सोडवायला कोणी पुरुष पुढे येत नाही. शेवटी नायक कॅप्टन वेंटवर्थ पत्रव्यवहार करून ती सोडवतो. नायकाच्या सौजन्याचा हा पुरावा, आणि कथेच्या सुखान्ताचा एक भाग. या कादंबरीचे लेखन १८१५–१६ मधले. मधेच, मार्च १८१६ मध्ये, लेखिकेचा सावकार भाऊ हेन्री याचे दिवाळे निघाले. त्यात दुसऱ्या भावाचे आणि मामाचे हजारो पौंड बुडाले. ती मामी बार्बाडोसमधील मालमत्तेची वारस, आणि ऑस्टिनचे वडील जॉर्ज ऑस्टिन हे अँटिग्वातील एका मळ्याचे विश्वस्त राहिलेले. कर्जात अडकलेला मळा म्हणजे काय, हे या घरात कोणी पुस्तकातून शिकले नव्हते. मिसेस स्मिथची मालमत्ता ‘सोडवली’ जाते तेव्हा त्या मालमत्तेत कोण असेल, हा प्रश्न कादंबरी विचारत नाही. वाचकाला तो विचारावा लागतो, आणि तो विचारण्यात ऑस्टिनच्या कलेचा अवमान होत नाही.

दुसऱ्या बाजूचे कथन १८३१ मध्ये लंडनमध्ये छापले गेले. मेरी प्रिन्स ही बर्म्युडात जन्मलेली, पुढे अँटिग्वातील जॉन वुड या व्यापाऱ्याच्या मालकीत गेलेली स्त्री. १८२८ मध्ये मालकाबरोबर लंडनला आल्यावर ती घर सोडून निघाली आणि तिने आपली कहाणी सांगून लिहवून घेतली. तिची एक विक्री मालकाला पुन्हा लग्न करण्यासाठी पैसा हवा होता म्हणून झाली. आईने स्वतःच्या हाताने मुलींना बाजारात नेऊन उभे केले, आणि बहिणी वेगवेगळ्या खरेदीदारांकडे गेल्या. ज्या गोष्टीची अडत्याच्या खात्यात एक ओळ असते तिला येथे काही पाने मिळतात. त्याच १८३१ सालात लंडनमधील मॅनिंग अँड अँडरडन ही जुनी वेस्ट इंडिया पेढी कोसळली. तिचा प्रमुख विल्यम मॅनिंग हा १८१२ ते १८१४ या काळात बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर होता. पुढे कार्डिनल झालेला हेन्री एडवर्ड मॅनिंग हा त्याचा मुलगा. वडिलांच्या दिवाळ्याने राजकारणाचा रस्ता बंद झाला आणि तो चर्चकडे वळला.

१८३३ च्या कायद्याने गुलामगिरी रद्द करताना पार्लमेंटने मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. भरपाई आयोगापुढे मळेवाल्यांबरोबर गहाणदार उभे राहिले, आणि बुडालेल्या पेढ्यांच्या वतीने त्यांचे विश्वस्तही. साखरेने न फिटलेली जुनी बाकी सरकारी रोख्यांनी फिटण्याची ही संधी होती. ज्यांच्या नावांवर ही किंमत ठरली त्यांना काहीही मिळाले नाही. उलट बहुतेक वसाहतींत त्यांना आणखी काही वर्षे ‘उमेदवारी’ म्हणून सक्तीने राबावे लागले. अँटिग्वाने ती उमेदवारी न लावता १ ऑगस्ट १८३४ रोजीच पूर्ण मुक्तता जाहीर केली. हे बेट लहान, सगळी जमीन मळ्यांखाली, मुक्त झालेल्या माणसाला जायला दुसरी जागा नाही. मजुरी देणे गुलाम पोसण्यापेक्षा महाग पडणार नाही, हा हिशेब मळेवाल्यांनी आधीच केला होता. भरपाईसाठी ब्रिटिश सरकारने काढलेल्या कर्जाचा अखेरचा भाग २०१५ मध्ये फेडला गेला.

या पार्श्वभूमीवर हेन्री टॉमस कोलब्रुकचे भारतातील लेखन वाचताना काही गोष्टी नव्याने दिसतात. वडिलांनी दिवाळ्यानंतर फ्रान्समध्ये आसरा घेतला आणि हेन्रीची १२ ते १६ ही वर्षे त्या देशात गेली. शाळा-कॉलेजाऐवजी घरच्या शिक्षकांकडून गणित व अभिजात भाषा तो शिकला. १७८२ मध्ये त्याची कंपनीत कारकुनाच्या जागेवर नेमणूक झाली. पैसा गेला तरी संचालक मंडळातील ओळखी शिल्लक होत्या. कंपनीने जुन्या अध्यक्षाला लहानशी पेन्शनही दिली. थोरला भाऊ जेम्स एडवर्ड हाही बंगालमध्येच गेला. बुडालेल्या घराला सावरण्यासाठी मुलांना हिंदुस्थानात पाठवणे ही त्या वर्गाची नित्याची रीत होती. बऱ्याच वर्षांनी सर जॉर्जने हेन्रीला उद्देशून आपल्या आठवणी लिहिल्या. त्या छापल्या गेल्या एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस.

१७९५ मध्ये हेन्रीने लँबर्ट या सहकाऱ्यासह बंगालच्या शेतीवर व अंतर्गत व्यापारावर एक पुस्तक कलकत्त्यात छापून घेतले. गुलामांच्या श्रमाची साखर न खाण्याची चळवळ इंग्लंडमध्ये १७९१ पासून जोरात होती, आणि बंगालची साखर तिला पर्याय म्हणून पुढे येत होती. या पुस्तकात बंगालमधील उसाच्या लागवडीचा खर्च मांडून वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमाशी त्याची तुलना केली आहे, आणि ब्रिटनच्या बाजारपेठेत बंगालच्या साखरेला वाव मिळावा अशी बाजू घेतली आहे. अँटिग्वाच्या वारस कन्येचा मुलगा हे लिहीत होता. परंतु त्याच पुस्तकात, बंगालमध्ये दास्य अगदीच अपरिचित नाही, काही जिल्ह्यांत नांगर धरणारे बहुधा शेतकऱ्याचे दासच असतात, अशी नोंदही आहे. आणि लगेच त्यांना मिळणारी वागणूक सौम्य असल्याची पुस्तीही. ‘मुक्त’ साखरेचा युक्तिवाद आपल्या पायाखालची जमीन थोडी उकरून पाहतो आणि पुन्हा माती लोटतो.

१७९९ ते १८०१ या काळात कोलब्रुक नागपूरला भोसल्यांच्या दरबारी कंपनीचा वकील म्हणून होता. संस्कृत व प्राकृत भाषांवरील त्याचा निबंध, ज्यात मराठीचाही विचार आहे, १८०१ चा. त्याआधी त्याच्या हातून एक प्रचंड काम पार पडले होते. पंडित जगन्नाथ तर्कपंचानन यांनी विल्यम जोन्सच्या योजनेनुसार सिद्ध केलेल्या ‘विवादभङ्गार्णवा’चा अनुवाद जोन्सच्या मृत्यूनंतर कोलब्रुकने पूर्ण केला, आणि तो १७९८ च्या सुमारास कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. व्यवहारपदांच्या परंपरागत क्रमानुसार या ग्रंथाचा आरंभ ऋणादानाने होतो : कर्ज कोणी कोणाला द्यावे, व्याज किती घ्यावे, आणि बापाचे कर्ज मुलाने कोणत्या परिस्थितीत फेडावे. इंग्रजी कायद्यात बापाचे देणे त्याच्या मालमत्तेपुरते असे. धर्मशास्त्रात ते मुलाच्या मानेवर बसते, मग वारसा मिळो वा न मिळो, आणि न फेडल्यास त्याचे परिणाम परलोकापर्यंत जातात. दिवाळखोर सावकाराचा मुलगा हे वाक्यामागून वाक्य इंग्रजीत आणत होता. त्याच्या मनात त्या वेळी काय चालले होते हा चरित्रकाराचा प्रश्न आहे. तुलनाकाराला एवढे पुरे, की ऋणाचे दोन विधिशास्त्रीय शब्दसंग्रह येथे एका लेखणीखाली आले.

त्याच ग्रंथात पुढे सेवा व दास्य यांचे प्रकरण आहे, आणि त्यात नारदाने सांगितलेले दासांचे पंधरा प्रकार येतात. घरात जन्मलेला, विकत घेतलेला, वारशाने आलेला, दुष्काळात पोसलेला, युद्धात मिळालेला, अशी ती गणना. तिच्यात ‘आहित’ म्हणजे धन्याने गहाण ठेवलेला दास आहे, आणि मोठ्या कर्जातून सोडवला गेल्यामुळे दास झालेला माणूसही आहे. भारतीय परंपरेला गहाण ठेवलेला माणूस ठाऊक नव्हता, असे म्हणण्याची सोय ही यादी ठेवत नाही. मात्र प्रत्येक प्रकाराबरोबर सुटकेची अट दिली आहे. ऋणामुळे दास झालेल्याने कर्ज व्याजासह फेडले की तो सुटतो. गहाण पडलेल्या दासाला धन्याने पैसे भरून सोडवले की तो धन्याकडे परततो. घरात जन्मलेला, विकत घेतलेला, मिळालेला आणि वारशाने आलेला हे चार मात्र धन्याच्या कृपेवाचून सुटत नाहीत. अँटिग्वाच्या गहाणखतांमधील क्वाशी आणि फिबा या चारांतच बसतात. त्यांच्यावर नाव चढलेले कर्ज त्यांनी काढलेले नव्हते, म्हणून ते फेडून सुटण्याची वाटही त्यांना नव्हती. ते कर्ज ज्याचे होते त्याला चार-पंचमांश धनकोंच्या सहीचे मुक्तिपत्र मिळू शकत होते.